पहिल्या पाटाची जोखीम

वाटीतल्या गरम वरणाला कोणी हात लावला नाही, तर थोड्या वेळाने त्यावर पातळ पापुद्रा धरतो. तो आधी कडेला दिसतो, मग मध्यापर्यंत सरकतो, आणि एकदा धरला की चमच्याने मोडला तरी वरण पहिल्यासारखं होत नाही. शरयूने कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे याचं कारण तिला ठाऊक होतं. उपाय मात्र तिच्या हातात नव्हता. ती वाटी पहिल्या पाटापुढची होती, आणि पहिल्या पाटावर कोणी बसत नसे.

भोजनगृहाचा धंदा जेवणावर चालत नाही, मानावर चालतो. ज्यांना हे कळत नाही त्यांची भोजनगृहं नुसती भरलेली असतात.

शरयूचे काका सदाशिवराव यांना हे पुरेपूर कळलं होतं. संस्थान होतं तेव्हा ते राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर देखरेख करत. संस्थान विलीन झालं, मुदपाकखाना आटला, आणि काकांनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाल बाजाराच्या तोंडाशी, ‘राजमान्य भोजनगृह’ काढलं. तिथे गिऱ्हाइकाला आल्याबरोबर बसता येत नसे. आधी हुद्दा विचारला जाई, मग हुद्द्याप्रमाणे पाट मिळे, आणि पहिल्या पाटाला वाढून झाल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटात मीठही पडत नसे. (भुकेने व्याकूळ झालेल्याला पाणी मिळे. पाण्याला हुद्दा नव्हता.)

पण त्याच विलीनीकरणाने ही घडी नीट बसू दिली नाही. ग्वाल्हेर आणि इंदूर एका राज्यात आले, दोन्हीकडचे अधिकारी एका कचेरीत आले, आणि त्यांच्यात ज्येष्ठ कोण हे ठरवायला सरकारने एक समिती नेमली. समितीची यादी येईपर्यंत पहिल्या पाटावर कोणी बसायचं हे काकांना ठरवता येईना. त्यांनी तोडगा काढला की, पाट रिकामा ठेवावा, मात्र त्याला वाढावं. पाट रिकामा असला तरी बेअदबी होता कामा नये. वाढून झालं की काका त्या ताटाकडे योग्य तेवढा वेळ पाहत, ‘हं, चालू द्या’ म्हणत, आणि बाकीचे लोक तात्पुरत्या क्रमाने गार जेवण जेवत. समितीची यादी आठ वर्षं आली नाही.

दरम्यान राजमान्यची कीर्ती पसरली, आणि काकांनी नावाचे परवाने द्यायला सुरुवात केली. उज्जैनला जगदेवराव, इंदूरला रमाकांत, शिवपुरीला संभाजीराव, आणि गावातच किलागेटला शरयू. पाटी काकांची, मसाला काकांचा, पहिला पाट काकांचा. नुकसान ज्याचं त्याचं.

शरयूला किलागेट मिळालं, कारण तिचे पती गोविंद ज्या खात्यात होते ते खातंच नव्या राज्यात कुठे ठेवायचं हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. गोविंद आता भाजी चिरत. चांगली चिरत. घर त्या पाटीवर चालत होतं.

किलागेटला पत्थर घडवणारे मिस्त्री येत, टांगेवाले येत, छापखान्यातले जुळारी आणि शाळेतले मास्तर येत. पहिल्या दिवशी शरयूने नियमाप्रमाणे प्रत्येकाला हुद्दा विचारला. ‘बहनजी, रोटी खानी है, नौकरी नहीं मांगनी,’ असं म्हणून अर्धे लोक उठून गेले. दुसऱ्या दिवशी तिने पहिला पाट उचलून कोठीत ठेवला आणि जो आधी येईल त्याला आधी वाढायला घेतलं. तिच्याकडे दोन्ही वेळा पंक्तीवर पंक्ती उठू लागल्या.

ही गोष्ट वर जायला वेळ लागला नाही. एका निवृत्त तहसीलदारांनी लेखी तक्रार केली की किलागेटला आपल्याला आपल्याच जुन्या चपराश्याशेजारी बसवलं गेलं, आणि त्याला आपल्याआधी भाजी मिळाली. (भाजी उत्तम होती, असंही त्यात होतं. ते वाक्य पुढे शाखेविरुद्ध धरण्यात आलं.)

तक्रार काकांच्या जावयांकडे, विश्वासरावांकडे गेली. विश्वासराव पूर्वी महसूल खात्यात अहवाल लिहीत. खातं सुटलं, अहवाल सुटले नव्हते. त्यांनी ‘राजमान्य भोजनगृहाच्या धंद्यास संभवणाऱ्या जोखमी’ या विषयावर एक मुद्देसूद अहवाल सादर केला. त्यात पहिली जोखीम म्हणून गिऱ्हाइकाचा उल्लेख होता. तो भुकेला येतो आणि भुकेला माणूस अदब विसरतो. दुसरी जोखीम राजधानीची होती. ती काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला असल्याने फायलींबरोबर कारकूनही हलत, आणि आळीपाळीने एका शाखेत पाट कमी पडत, दुसरीत आचारी झोपत. इंदुरी लोक वरणात शेव टाकतात, याला त्यांनी स्वतंत्र परिच्छेद दिला होता.

सर्वात गंभीर जोखीम मात्र शाखांची होती. शाखेने वाईट रांधलं तर नाव बुडतं, चांगलं रांधलं तर मुख्य भोजनगृह बुडतं. म्हणून शाखेने तंतोतंत मुख्य भोजनगृहाइतकंच रांधावं, आणि ते शक्य नसल्यास गार करून वाढावं. किलागेट शाखेत गिऱ्हाइकं समाधानी आढळली. सबब तिची पाटी उतरवावी.

काकांनी अहवाल वाचला आणि निर्णय राखून ठेवला. नियमाप्रमाणे निर्णय वार्षिक सभेतच घेता येई, आणि सभा जेवणानंतरच भरे, कारण रिकाम्या पोटी माणूस अविचार करतो. पण परवानेदारांना जेवायला बसवायचं तर त्यांच्यात ज्येष्ठ कोण हे ठरणं भाग होतं. जगदेवराव म्हणत, उज्जैन सर्वांत प्राचीन. रमाकांत म्हणत, इंदूर सर्वांत मोठं. संभाजीराव म्हणत, शिवपुरीला सरकारस्वारी उन्हाळ्यात राहत असे. शरयू काही म्हणत नसे, पण तिला आधी बस असंही कोणी म्हणत नसे. त्यामुळे दरवर्षी मंडळी उभ्याने वाद घालत, जेवण राही, म्हणून सभा राही, म्हणून निर्णय राही. शरयू दरवर्षी घरी येऊन गोविंदला सांगे, ‘अजून आहे पाटी.’ एवढ्यावर त्या घराचं पुढचं वर्ष उभं राही.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या गेल्या, कारकून गेले. ज्येष्ठता समितीही गेली. त्या वर्षीच्या सभेला लष्करातल्या मोठ्या दालनात एकही गिऱ्हाईक नव्हतं. आता किलागेटचा निकाल लावायचाच, असं विश्वासरावांनी सर्वांना बजावलं होतं, आणि शरयू रात्रभर झोपली नव्हती. बारा वाजले, एक वाजला. मंडळी उभीच होती. काकांनी खांबाला हात टेकला.

तेव्हा स्वयंपाकघरातून काकू, इंदुताई, बाहेर आल्या.

‘अहो, इतकी वर्षं मी या सभेचा स्वयंपाक करते आणि शेजारच्या साहेबांच्या गाईला घालते,’ त्या म्हणाल्या. ‘ते भोपाळला गेले, गाय पण घेऊन गेले. मी आता चूल विझवली आहे. शरयूकडे जा सगळे.’

दोन टांगे बोलावण्यात आले. टांग्यात पुढे कोणी बसायचं हा प्रश्न निघाला, पण टांगेवाल्यांनी सर्वांना वजनाप्रमाणे बसवून तो मिटवला.

किलागेटला एक पंगत नुकतीच उठत होती. दाराशी बाबूलाल मिस्त्री उभा होता. तो बराच वेळ थांबला होता, अंगावर पत्थराची भुकटी होती, आणि पहिली मोकळी जागा त्याची होती. त्याने एक पाय आत टाकलाच होता. शरयूने त्याला पाहिलं. मग तिने टांग्यातून उतरणाऱ्या काकांना पाहिलं.

‘काका, इथे बसा,’ ती म्हणाली, आणि वरणाचं पातेलं स्वतः घेऊन आली.

बाबूलालने पाय मागे घेतला. गोविंदने विळीवरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. (वाचकांनी शरयूला नावं ठेवण्याआधी, मागच्या खेपेला साहेब आपल्या घरी जेवायला आले तेव्हा पहिली पोळी कोणाच्या ताटात पडली, आणि आपली पोरं तोवर कुठे बसली होती, हे आठवून घ्यावं. आम्ही थांबतो.)

काकांनी भात कालवला. वाफ त्यांच्या चष्म्यावर चढली. आठ वर्षांत ते प्रथमच गरम जेवत होते. त्यांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं, तिसऱ्यांदा तूप घेतलं, आणि बोटं चाटून विश्वासरावांना खूण केली.

‘लिहून घ्या. पोरीची पद्धत अगदी रास्त आहे. पाटी राहील, आणि सगळ्या शाखांनी हेच करायचं. जो आधी येईल, त्याला आधी. मंजूर.’