तारमळ्याच्या यादवीचे स्मारक

सन १९३१ मध्ये तारमळे गावात यादवी युद्ध झाले. ते पाऊण तास चालले. पालखीला पहिला खांदा वरच्या वाडीने द्यायचा की खालच्या, हा युद्धाचा विषय होता. त्यात वरच्या वाडीतला शेतकरी भिकाजी आणि खालच्या वाडीतला, रापणीचे जाळे ओढणारा रापणकार गुरुदास एकमेकांची मानगूट धरून देवळाच्या विहिरीत पडले. बाहेर काढले तेव्हाही पकड सुटली नव्हती. नाइलाजाने दोघांना एकाच चितेवर ठेवावे लागले.

भिकाजीची बायको हौसाबाई आणि गुरुदासची तुळसा दर सर्वपित्रीला स्मशानात त्याच जागी येत. पहिली काही वर्षे त्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या. पुढे एकीने पान आणले, दुसरीने सुपारी. १९५७ साली गावोगाव हुतात्म्यांची स्मारके होताहेत असे कळल्यावर, दोघांच्या नावांचा एक दगड मिळावा म्हणून त्यांनी मिळून एकच अर्ज केला.

कचेरीतल्या कारकुनाने तो परत केला. "युद्धातल्या दोन्ही पक्षांचा संयुक्त अर्ज चालत नाही. स्वतंत्र अर्ज करा. आणि रकाना सात कोरा ठेवू नका. शत्रूचे नाव लिहा."

दोघी अर्ज लिहून देणाऱ्याच्या पेटीपुढे येऊन बसल्या.

"गो तुळसा, तुज्या घोवान माज्या घोवाक मारल्यान, असा लिवया?" हौसाबाईने विचारले.

"लिव गो. माका पण तसाच लिवक होया," तुळसा म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की शिपायाने त्यांना शांतताभंगाबद्दल समज दिली.

अर्ज चौकशीसाठी ग्रामपंचायतीत आले आणि जाहीर वाचले गेले. आपल्याला शत्रू आहे हे गावाला सव्वीस वर्षांत प्रथमच लेखी समजले. दिवेलागणीच्या आत दोन स्मारक समित्या स्थापन झाल्या. भिकाजी वर राहत असे, म्हणून त्याचे नाव वर हवे, असे वरची वाडी म्हणाली. गुरुदास विहिरीच्या तळाशी आधी पोचला, सबब तोच ज्येष्ठ, असे खालच्या वाडीने कळवले.

ज्येष्ठता ठरवण्यासाठी प्रात्यक्षिक घेण्याचा ठराव झाला. पंचांसमक्ष दोन पोती गळ्यात गळा बांधून विहिरीत लोटण्यात आली. पोत्यांत भाताचा तूस भरला होता. तो बुडेना. पोती तरंगत राहिली, आणि दोन्ही वाड्या काठावरून आपापल्या पोत्याचा जयजयकार करू लागल्या. मग तीच पोती बाहेर काढून एकमेकांच्या अंगावर फेकण्यात आली.

शेवटी वरिष्ठ साहेबांचा आदेश आला. दोन्ही समित्या विलीन कराव्यात, सर्व सभासदांची नावे दगडावर कोरावीत. मृतांच्या नावांचा क्रम वादग्रस्त असल्याने ती पुढील आदेश होईपर्यंत तहकूब ठेवावीत.

सुरूच्या झाडांखाली काळा दगड उभा राहिला. त्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, उद्घाटक, दोन्ही पोत्यांचे निरीक्षक, दोर पुरवणारे अशी एकोणचाळीस नावे आली. तळाशी चार बोटे जागा उरली, तिथे पाथरवटाने "इत्यादी" असे कोरले.

गर्दी पांगल्यावर दोघी शाळेतल्या रामचंद्र मास्तरांना घेऊन दगडापाशी आल्या. दोघींनाही वाचता येत नव्हते. मास्तरांनी सगळी नावे वाचून दाखवली.

"आणि आमचे खंय आसत?" हौसाबाईने विचारले.

मास्तर दगडापुढे उकिडवे बसले. मग त्यांनी तळाशी बोट ठेवले. "हे बघा. इत्यादी."

"दोघय?"

"दोघय."

"पयला नाव कोणाचा?"

"दोघांचा एकदमच."

तुळसाने पदराने डोळे पुसले. "बघ गो हौसा, इतक्या वर्षांत कोणाक जमला नाय, ता सरकारान केल्यान!" दोघींनी त्या शब्दावर अबोलीच्या फुलांचा गुंफलेला एकच वळेसर ठेवला.

दगड अजून तिथे आहे. पाहायला पुष्कळ लोक येतात. कोण मेले, असे आजवर कोणी विचारलेले नाही. प्रत्येक जण वरून खाली बोट फिरवत आपले आडनाव शोधतो. तुम्ही जाणार असाल तर काळजी करू नका. तुमचेही आहे. बरेच वर आहे.