गोधड्यांचं माहेरपण

मे महिना उजाडला की मला एक फोन येतो. त्यात 'हॅलो' नसतं, 'कसे आहात' नसतं. थेट हुकूम असतो. "माझी पोर धाड. वर्स झाला, तोंड नाय दिसला तिचा."

पहिल्या वर्षी हा फोन आला तेव्हा मोबाइल स्पीकरवर होता आणि समोर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगचा नकाशा घेऊन बसले होते. "कुठं फाटलीबिटली असेल ना, तर आधी तिला बघते आनि मग तुला," पलीकडून आवाज आला. सेक्रेटरींनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते निघून गेले. पुढचे कित्येक दिवस ते माझ्या बायकोकडे फार कणवेने बघत.

पोर म्हणजे गोधडी. आणि फोनवरची बाई म्हणजे बेबीमावशी.

बेबीमावशीचं वय बहात्तर आणि देहाने नावाशी केव्हाच फारकत घेतलेली. पाचूबंदरची कोळीण. जन्मभर वसईच्या बाजारात मासळी विकली, गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा पाटी पुतणीच्या डोक्यावर दिली आणि स्वतः सुई हातात घेतली. जुनी लुगडी, धोतरं, परकर, उशांचे अभ्रे, मिळेल त्या सुती कापडाचे थर लावून ती गोधड्या शिवते. विकत मात्र नाही. "पोरी इकतात काय?" असं विचारते. ती गोधडी उजवते. म्हणजे अगदी स्थळ बघून देते.

आमच्याकडे ती स्थळ बघायला आली तेव्हा मी मुलाच्या बापासारखा अदबीने दारात उभा होतो. तिने पलंग दाबून पाहिला. भिंतीला ओल आहे का म्हणून पलंगामागे हात घातला.

"कुत्रा हाय?"

"नाही."

"एशी?"

"आहे."

"म्हंजे आधी थंडी इकत आनायची आनि मग पांगरायला मागायचा! धुवायची मशीन हाय?"

बायकोने खरं ते सांगितलं आणि मावशी उठलीच. शेवटी बायकोने कुलदेवीची शपथ घेतली की गोधडी हातानेच धुईन, तेव्हा कुठे बैठक जमली.

या सोयरिकीची एकच अट. दर मे महिन्यात गोधडीला चार दिवस माहेरपणाला पाठवायचं. मावशी तिला ऊन दाखवते, उसवलेलं शिवते, झिजलेल्या जागी ठिगळ लावते आणि पाठवणी करते. मागे एकदा वसईगावातल्या एका घराने गोधडी स्कूटर झाकायला घेतली. मावशीने जाता जाता रिक्षातून ते पाहिलं. रिक्षा थांबवली, उतरली, स्कूटरवरची गोधडी ओढली, घडी घातली आणि परत रिक्षात बसली. घरमालक मागून धावत आला. "काडीमोड झाला," एवढंच म्हणून ती निघून गेली.

पाचूबंदरला तिच्या घरापुढे बोंबील वाळत घालायची बांबूची वलांडी आहे. बोंबील उतरले की त्याच आडव्या बांबूंवर गोधड्या चढतात. चार दिवस ऊन आणि खारा वारा खाऊन गोधडी परत येते ती मऊसूत होऊन, पण एकटी येत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे जोशी अंड्यालासुद्धा शिवत नाहीत. त्यांच्या नातीला मावशीने एक गोधडी दिली होती. पहिलं माहेरपण करून ती परत आली आणि जोशांच्या दाराबाहेर तीन मांजरी पाळ्या लावून बसायला लागल्या. जोशीकाकूंनी मावशीला फोन केला, "अहो, हिला वास येतोय."

"कसला?"

"माशांचा!"

"माहेरचा वास हाय, यायचाच. आठ दिसात जाईल."

त्यात लेकीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणून घडीच्या आत सुक्या बोंबलांची पुडी होती. जोशीकाका ती पुडी चिमट्यात धरून आमच्या दारात आले. तेव्हापासून दर मे महिन्यात चिमटा आमच्याकडे येतो. जोशांचं घर शुद्ध राहतं आणि आमची कालवणाची सोय होते.

मी स्वतः सुई धरली ती रिटायर झाल्यावर. आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो; रेघ सरळ मारणे हेच माझं कर्तृत्व. घरी बसून मी भाजीसुद्धा मापात चिरायला लागलो, तेव्हा बायकोने मला सांडोरला ट्रीझाटीचरच्या ओसरीवर नेऊन सोडलं. ट्रीझाटीचर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा आणि दुपारी गोधडी, हा त्यांचा नेम. आम्ही चार-पाचजण जमतो. टीचरच्या वाडीतली केळी खातो, एकमेकांच्या चिंध्या बघतो, टाक्यांवरून भांडतो. कोणाकडे चांगला जुना सुती परकर निघाला तर ग्रुपवर फोटो पडतो आणि बाळ झाल्यासारखी अभिनंदनं येतात. "शिवनार का बोलनार?" असं मावशी दर पाच मिनिटांनी दरडावते आणि मग स्वतः अर्धा तास बोलते.

मी पहिली गोधडी आलेखाच्या कागदावर काढली. पंचेचाळीस अंशाचे चौकोन, कोपऱ्याला कोपरा असा भिडलेला की इंजिनिअरने सही करावी. कापड माझ्या ऑफिसच्या जुन्या टेरिकॉट पँटींचं. मावशीने ती हातात घेतली आणि आधी उलटी केली. "गोधडी पाठीवरून बघावी. मानूस पन," म्हणाली. मग जमिनीवर ठेवली. गोधडी जवळजवळ आपली आपण उभी राहिली. "ही पांगरायची का हिच्यावर बसून जेवायचा?" त्या दिवसापासून माझं नाव फूटपट्टी पडलं.

दुसऱ्या गोधडीत मी नम्रपणे तिच्या पद्धतीने गेलो. कडेपासून सुरुवात करायची, धावदोरा घालत चौकोनात फिरत फिरत आत यायचं, आणि मधलं पोट शिवून बंद करायच्या आधी त्यात चिमूटभर तांदूळ घालायचे. "उपाशी पोटाची गोधडी ऊब देत नाय," हे तिचं शास्त्र. आता कच्चे तांदूळ खाऊन कोणाचं पोट भरतं? मी दुपारचा उरलेला भात घातला. तिसऱ्या दिवशी आमच्या पलंगावर मुंग्यांची अशी रांग लागली की तशी सरळ रेघ मलाही कधी जमली नव्हती. मावशी हसता हसता ओसरीवरच्या बाकावरून खाली आली. तिला उठवायला आम्ही तिघं लागलो.

अशा या बाईचं या मे महिन्यात एकाएकी बिनसलं.

तीस गोधड्या माहेरी आल्या, वलांडीवर चढल्या, दुरुस्त झाल्या. चार दिवस झाले, आठ झाले, पण पाठवणी होईना. जोशांची नात गोधडीवाचून झोपेना. मी फोन केला तर मावशी म्हणाली, "एक यायची हाय. ती आल्याबिगर कोन जानार नाय." मी पाचूबंदरला गेलो. वलांडीवरचा शेवटचा बांबू रिकामा होता आणि मावशी त्याच्याखाली स्टूल टाकून रस्त्याकडे बघत बसली होती. शिवत नव्हती. बोलतही नव्हती, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

मी सांडोर गाठलं. ट्रीझाटीचर म्हणाल्या, "भाऊ, सुनंदाची गोधडी आली नाही."

सुनंदा ही मावशीची एकुलती एक मुलगी. तिचं नावही मी ऐकलं नव्हतं. राहते विरारला, स्कूटरने पाऊण तासावर. चौदा वर्षांपूर्वी तिने समाजाबाहेर, आपल्या पसंतीने लग्न केलं आणि मावशीने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "आजपासून तुला माहेर नाय." पुढच्या वर्षी सुनंदाला मुलगी झाली. मावशीने लेकीच्या लहानपणच्या फ्रॉकांची गोधडी शिवली आणि टीचरच्या हाती पाठवली. वर बजावलं, मी दिली म्हणून सांगू नको.

"जसं काही तो टाका वसईत दुसऱ्या कोणाचा असेल!" टीचर म्हणाल्या. "मला तिने त्याच्या किती आधी गोधडी दिली होती. कधी परत मागितली नाही. त्यानंतरच्या मे महिन्यात एकदम सगळ्यांनाच फोन. माहेरपणाला धाडा म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! लेकीला बोलावता येईना म्हणून गोधडीला बोलावलं. आणि एकटीच बोलावली तर लोकांना कळेल, म्हणून सगळ्या वसईच्या बोलावल्या."

इतकी वर्षं मी चारचौघांत ज्याची टर उडवत होतो, त्याची मला त्या ओसरीवर बसून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन. "फूटपट्टी, तुझी स्कूटर चालू हाय ना? टीचरनं सांगितला म्हने तुला सगळा. तर मग विरारला जा. मुराळी होऊन जा." सासरहून मुलीला माहेरी आणायला जातो तो मुराळी, बहुतेक तिचा भाऊच असतो. "गोधडी घे आनि ये. जास्ती बोलू नको."

सुनंदाने दार उघडलं आणि मी ओळख विचारायच्या आत ओळखलं. तोच जबडा, तीच कमरेवरची मूठ. नवरा कामावर, मुलगी सुट्टीला दुसऱ्या आजीकडे. गोधडी सोफ्यावर घडी घालून ठेवलेली होती.

"काका, गोधडी देणार नाही," ती म्हणाली. पाणी मात्र दिलं. "दरवर्षी ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर पाठवते. चार दिवसांनी परत येते. मी पिशवी उलटी करून झटकते, चिठ्ठी आहे का बघते. बोंबील निघतात. सांगा तिला, या वर्षी गोधडी एकटी येणार नाही. मुराळी पाठवायचा तर मला न्यायला पाठव म्हणावं." मग माझ्याकडे बघून जरा हसली. "तुम्ही चांगले आहात हो काका. पण तुम्हाला तिने गोधडीसाठी पाठवलंय."

परत येताना वाटभर मी वाक्यं जुळवत होतो, पण मावशीसमोर एकही आठवलं नाही. जे घडलं ते तसंच सांगितलं.

"चौदा वर्सं झाली तरी ऐट बघा तिची!" मावशी कडाडली. "कोनावर गेलीय कोन जाने!"

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली की काही गोष्टी कळतात.

मावशी स्टुलावर बसली. रस्त्याकडे बघत म्हणाली, "भाऊ नाय तिला. बाप गेला. मुराळी आनू कुठून?"

"तुम्हीच चला."

"आय कदी मुराळी होते काय?"

"आणि गोधडी कधी माहेरपणाला येते काय?" मी बोलून गेलो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की आता स्टूल उचलून घालणार. पण ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली, ठेवणीतलं लुगडं नेसून आणि अबोलीचा वळेसर माळून बाहेर आली. "चल," म्हणाली.

मावशी मागे बसली आणि स्कूटरने पुढचं चाक उचलतेय की काय असं मला वाटलं. नालासोपाऱ्याच्या पुढे ती माझ्या कानात ओरडली, "दर वर्सी कात्रीनं तीन टाके कापून धाडते! मी शिवावा म्हनून! झिजलेला टाका नि कापलेला टाका मना कळत नाय काय?"

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"शिवला ना परत!"

लिफ्ट बंद होती. चार मजले. प्रत्येक मजल्यावर मावशी थांबून म्हणाली की ती आता खाली जाते, आणि प्रत्येक वेळी वरच गेली. मी बेल वाजवली. दार उघडलं. भर बाजारात ह्या टोकाचं गिऱ्हाईक त्या टोकावरून ओढून आणणारी बाई दारात धापा टाकत उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सुनंदाही तशीच. मी मुराळी म्हणून दोन शब्द बोलायला घसा साफ केला.

"चप्पल घाल," मावशी म्हणाली.

सुनंदा वळून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती आली, गोधडी उराशी धरून, पायात दोन वेगवेगळ्या चपला, ओढणी एका खांद्यावर लोंबत असलेली. कुलूप लावताना तिच्या हातातून किल्ली दोनदा पडली. शेवटी कुलूप मी लावलं.

खाली आलो तर स्कूटर एक आणि माणसं तीन. मायलेकी रिक्षात बसल्या आणि गोधडी माझ्या पायांपाशी. भर उन्हात मी त्या रिक्षामागे वसईकडे निघालो. माझे डोळे सारखे भरून येत होते. उन्हाचा त्यात काही संबंध नव्हता. रिक्षातल्या दोघी दोन कडांना बसून दोन बाजूंना बघत होत्या. वाऱ्याने सुनंदाची ओढणी रिक्षाबाहेर फडफडायला लागली. मावशीने अंगावरून हात टाकून ती आत ओढली, मुठीत धरली, आणि पाचूबंदर येईपर्यंत ती मूठ काही तिने सोडली नाही.