ह्यांचं रक्त उगारेंशी बोललं

सेप्टिक शॉकमधला पेशंट जगणार की नाही हे त्याचं रक्त स्वतःच सांगतं, पण कोणाला सांगायचं ते रक्तच ठरवतं. आमच्या गावातल्या इस्पितळात त्याची साधी पद्धत आहे. आयसीयूत नमुना काढतात, बाटली नातेवाइकाच्या हातात देतात आणि नातेवाईक जिन्याने खाली लॅबमध्ये जातो. रक्त बोलतं ते जिन्यात. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं असतात, म्हणून तिथे ते तोंड उघडत नाही.

ह्यांच्या पायाची जखम चिघळली, त्यात मधुमेह, आणि जंतू रक्तात उतरले. बीपी लागेना, लघवी बंद झाली. डॉक्टर पडवळबाई म्हणाल्या, "डायलिसिसचं मशीन एकच रिकामं आहे आणि पेशंट दोन. ज्याचं रक्त आधी 'राहणार' म्हणेल, त्याला लावू. न्या बाटली."

मी ती पदराखाली धरून उतरले. इतक्या वर्षांचा संसार. वाटलं, पहिल्या वळणावरच सगळं सांगून टाकेल. एक मजला गेला, दुसरा गेला. शेवटी मीच म्हटलं, "अहो, मी आहे." रक्त गप्प.

लॅबमधल्या भोपळेंनी बाटली उजेडात धरून पाहिली. "काही बोललं?"

"नाही."

"मग दुसरं माणूस आणा, बाई. रक्त मुकं नसतं. त्याला तुमच्याशी बोलायचं नसेल."

हे त्यांनी चार लोकांसमोर सांगितलं.

वर आले तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको गालातल्या गालात हसत बसलेली. "आमच्या ह्यांचं रक्त किती बडबडतं हो! पहिल्या पायरीपासून सुरू. लाडाने काय काय म्हणत होतं, मलाच लाज वाटली."

"'राहणार' म्हणालं का?"

"तिथपर्यंत आलंच नाही. अजून आमच्या लग्नातलंच चाललंय. आता पुढच्या बाटलीला म्हणेल."

तिच्या नवऱ्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्याच्या रक्ताने जरा हळू बोलावं, एवढंच वाटलं.

कोणाला बोलवायचं हे मला ठाऊक होतं, म्हणून तर अंगाची आग होत होती. उगारे म्हणजे ह्यांचे कॅरममधले जोडीदार. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोघं बसायचे. घरी हे 'हं' आणि 'बघू' यापलीकडे जात नाहीत. ह्यांचं मोठ्याने हसणं मी ऐकलंय ते त्या खोलीच्या खिडकीबाहेरून, भाजीची पिशवी हातात धरून. त्यानंतर उगारे घरी आले की मी त्यांना बिनसाखरेचा चहा द्यायची. पुढे ते यायचेच बंद झाले.

मी फोन लावला. "भाऊजी, या. ह्यांचं रक्त माझ्याशी बोलत नाही."

उगारे आले ते बोटांना कॅरमची पावडर तशीच घेऊन. सिस्टरने नवी बाटली भरून दिली. ते पुढे, मी दोन पायऱ्या मागे.

"आलास होय रे बाळ्या?" रक्त लगेच म्हणालं.

"आलो ना. कसा आहेस?"

"माझं सोड. ही सकाळपासून उपाशी असेल बघ. तिला आल्याचा चहा पाज. साखर नको म्हणेल, पण दोन चमचे लागतात तिला."

"बरं."

"काल मोरपंखी साडी नेसून आली होती. डोळे मिटलेले होते माझे, तरी दिसली. फार छान दिसते रे तिला ती."

"सांगितलंस का कधी?"

"छे! तिला काय सांगायचं?"

दोन मजले हेच. मी तांदूळ निवडताना गुणगुणते ते, मी रागावले की भांडी दोनदा घासते ते. उगारेंचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. मी जळत होते. माझ्याबद्दलच बोलायचं होतं, तर मी काय जिन्यात परकी होते?

शेवटच्या पायरीवर उगारेंनी विचारलं, "मग, राहणार ना?"

"राहणार रे. हिला गॅसचा सिलिंडर बदलता येत नाही."

भोपळेंनी 'राहणार' असं वर कळवलं आणि ह्यांना मशीन लागलं. शेजारच्या पेशंटचं रक्त लग्नातून बाहेर पडेपर्यंत दुसरं मशीन मोकळं झालं, तेही वाचले.

हे घरी आले. मी विचारलं, "बरं वाटतंय ना आता?"

हे म्हणाले, "हं."

आता रोज सकाळी बोट टोचून साखर तपासायची असते. पहिले काही दिवस मीच टोचलं आणि थेंबाकडे बघत थांबले. थेंब नुसता लाल. शेवटी उगारेंना सांगितलं, तेव्हापासून ते येतात. हे पेपरातून डोकं वर न काढता बोट पुढे करतात आणि थेंब बोलायला लागतो.

उगारेंचा मला अजूनही राग येतो. चहात मात्र साखर घालते. आणि ते टोचायला बसले की मी कुकर लावत नाही. शिट्टीत ऐकू येत नाही.