कानिफनाथांच्या घशाचा निकाल

"घोरणं? ते दोन वर्षांमागंच दवाखान्यात ठेवून आलो!" केडगावचे कानिफनाथ शिंपी गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगत. एकोणसत्तर साली नगरच्या डॉक्टरांनी त्यांचे टॉन्सिल काढले होते, पडजीभही छाटली होती. त्याआधी ते भरदिवसा शिलाई मशीनवर झोपत आणि असे घोरत, की पुणे रस्त्यावरचे ट्रकवाले मागून गाडी आली समजून बाजू देत!

एके दिवशी डॉक्टरांचं पत्र आलं. 'गावोगावचे डॉक्टर जमणार आहेत. ऑपरेशनचा गुण टिकतो, हे दाखवायला तुम्ही या.'

"आवो, नका जाऊ," बायको विजयमाला म्हणाली. "साल झालं, तुमी परत घोरताय."

"मी? मला तर कदी ऐकू आलं न्हाई!"

कानिफनाथांनी कोट चढवला. तीनदा उसवून सैल केलेला, तरी गुंडी लागेना. विजयमालाही काळजीनं सोबत निघाली.

नगरला त्यांना थेट स्टेजवर खुर्ची मिळाली, गळ्यात हार पडला, पुढ्यात माईक. डॉक्टर उभे राहून बोलायला लागले. वर पंख्याचा गार वारा, आणि भाषण इंग्रजीत! कानिफनाथांनी स्वतःच्या मांडीला चिमटे काढले. काही उपयोग झाला नाही.

"घर्रर्र... खर्रर्र!"

"मच्छिंद्र, तुझा कर्णा बिघडला!" कुणीतरी ओरडलं. लाऊडस्पीकरवाल्या मच्छिंद्रनं वायरच उपटली. आवाज तसाच! मग एकदम सगळं गप्प. घोरणं बंद, श्वासही बंद!

"अरे, गेला!" म्हणत पहिली रांग स्टेजवर धावली. एका डॉक्टरनं डावी नाडी धरली, दुसऱ्यानं उजवी. तिसऱ्याला नाडीच उरली नाही, म्हणून त्यानं नाक धरलं!

"घ्राँक!" कानिफनाथ उसळले ते थेट तिघांच्या अंगावर.

"झालं भाषण? लई झ्याक झालं!"

सगळा हॉल हसून लोळला. भाषण करणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. तो बघून कानिफनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सायेब, तुमची अब्रू घालवली मी."

"अहो, जो निकाल लागला तो लागला. लिहून ठेवू," डॉक्टर म्हणाले. "पण वर्षानं तपासलं तेव्हा तर गुण होता! वजन केवढं वाढलंय हे, त्यानंच घोरणं परतलं! खाता काय?"

मागून विजयमाला उठली. "तुमीच सांगितलं हुतं ना, घसा नाजूक हाय, मऊ खायला घाला? दोन वर्सं रोज दोन टाईम तुपातला शिरा करती मी!"

"बाई, ते फक्त आठ दिवसांसाठी होतं!"

कानिफनाथ हाराच्या पाकळ्या खुडत पुटपुटले, "मला म्हाईत हुतं... पर हिला सांगायचा धीर झाला न्हाई."