कोनाड्यातल्या बैलांची शिंगं

"भूत जरी दळण घेऊन आलं, तरी त्याला रांगेत उभं करीन!" असं सुग्रीव गिरणीवाला सगळ्या गावाला सांगत असे. कडा या बाजारगावापासून चार कोसांवर त्याचं गाव. गावात पिठाची गिरणी एकच. दिवसभर पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय झाल्यामुळे सुग्रीव घरी मीठ मागायचा तेही भाषण केल्यासारखं. त्यामुळे त्याला कशाचीच भीती वाटत नाही, यावर गावाचा विश्वास होता. त्याचा स्वतःचा तर होताच होता!

अशा या शूर माणसाच्या घरात पोळ्यानंतर आठव्या दिवशी एक शिंग गायब झालं.

शिंग मातीचं. सुग्रीवची बायको संगीता दर पोळ्याला तळ्यातल्या गाळाचे पाच बैल करायची, उन्हात खडखडीत वाळवायची, आणि पूजा झाली की ते पुढच्या पोळ्यापर्यंत मधल्या खोलीच्या कोनाड्यात उभे असायचे. त्यांना हात लावायचा नाही, अशी घराची रीत. कोनाड्यातले बैल धड तर गोठ्यातले धड, ही सुग्रीवच्या आईची, भिवराबाईची, पक्की समजूत होती.

सुग्रीव जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच त्याला ते दिसलं. "माय, शिंग कुठं गेलं गं याचं?"

"उंदरानं नेलं आसंल."

दुसऱ्या दिवशी त्याच बैलाचं दुसरं शिंग गेलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बैलाची दोन्ही. मग वशिंडं जायला लागली! खाली मातीचा कण नाही, उंदराची लेंडी नाही. जायचं ते भर दुपारी, बारा ते दोनच्या मधे, गल्लीत चिटपाखरू नसताना. शेजारच्या खोलीत कान दिला तर "कुर्रम… कुर्रम…" असा आवाज यायचा. सुग्रीव "कोन हाय रे?" असं ओरडत आत जाईपर्यंत खोली रिकामी आणि एक बैल आणखी आखूड झालेला! त्यातच गोठ्यातल्या खऱ्या बैलानं एका संध्याकाळी कडब्याला तोंड लावलं नाही. तो आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या मक्यात पोटभर चरून आला होता, पण इतकं साधं कारण त्या घरात आता कुणाला सुचेना.

"हे मुक्कामाला आलंय," भिवराबाई आवाज खाली घेऊन म्हणाली. "आदी मातीच्या बैलावर हात साफ करतंय. मंग माणसावर येतंय बघ. हिच्याकडं बघ की! कशी पांढरी फटक पडलीय. रगत पितंय कुणीतरी माज्या सुनंचं!"

सुग्रीवनं संगीताकडं बघितलं. ती चुलीपुढं बसली होती आणि तिची नजर जमिनीवर होती. चुलीच्या जाळातसुद्धा तिच्या तोंडावर रंग नव्हता. हापशावरून हंडा आणताना ती दोनदा टेकते, हे त्याच्या कानावर आलं होतं. परवा तिनं पाण्याचा तांब्या दिला तेव्हा बोटं लागली, तर भादव्यातल्या उन्हात ती बोटं माठासारखी गार! सात वर्षांच्या संसारात तो तिच्याशी एक गोड शब्द बोलला नव्हता, पण ती नसली तर या घरात आपण कुणाला ओरडून हाका मारायच्या, हे त्याला समजेना. जे काही घरात शिरलंय ते आपल्या बायकोला घेऊन जाणार, अशी त्याची खात्रीच पटली.

"संगे, तुला काय दिसतं का गं दुपारचं?"

"मला? न्हाई बा," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

भिवराबाईनं तिच्यावरून मिरच्या ओवाळल्या, दंडाला काळा दोरा बांधला, उंबऱ्यात खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बैलाचं तोंड गेलं. बिनतोंडाचा बैल कोनाड्यातून बघतोय असं सुग्रीवला वाटायला लागलं, आणि त्याचं जेवण सुटलं!

शेवटी त्यानं गिरणीवाल्याचं डोकं चालवलं. सकाळी मधल्या खोलीत ज्वारीचं पीठ चाळून पसरलं. सारवणावर पांढरी चादर. त्यावरून मुंगी गेली तरी कळेल! दुपारी दोनला येऊन दार उघडलं आणि त्याचा हात दारावरच राहिला.

पिठात पावलं उमटली होती. माणसाची, उघडी, बारीक. पण उंबऱ्यापासून कोनाड्यापर्यंत गेलेल्या त्या पावलांच्या टाचा कोनाड्याकडं होत्या आणि बोटं दाराकडं!

"उलटी!" सुग्रीव पुटपुटला. बोलायला गेला भाषणासारखं, निघालं कण्हल्यासारखं.

"मी सांगतच व्हते," भिवराबाई म्हणाली. "उद्या पैठणला माणूस धाड. जाणता बोलावून आण."

"माणूस कावून, कशापायी? मीच धरतो त्याला!" आई बघत होती म्हणून तो बोलून गेला. बोलल्यावर शब्द परत घ्यायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली. सुग्रीव मागच्या दारानं घरात आला आणि मधल्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं दडून बसला. एका हातात विळा, दुसऱ्या हातात नारळ, खिशात मारुतीचा अंगारा. खिडकीला पोतं टांगलेलं होतं, त्यामुळे आत पिवळट अंधार होता. त्यानं आजही पीठ पसरलं होतं आणि ते पीठ त्याच्या नाकात चाललं होतं.

दार किरकिरलं.

जे आत आलं, ते पाठमोरं आलं. डोक्यावरून पदर, तोंड नाही, नुसती पाठ! एकेक पाऊल मागं टाकत, टाचा पुढं करून, ते कोनाड्याकडं सरकलं. न वळता हात मागं गेला. कट्ट! मग त्या शांततेत "कुर्रम… कुर्रम…"

सुग्रीवनं ठरवलं होतं, की "जय बजरंगबली!" अशी आरोळी ठोकायची. तोंड उघडलं आणि दणदणीत शिंक आली!

ते वळलं. पांढरंफटक तोंड, ओठांना रंग नाही, आणि ओठांच्या कोपऱ्यातून काळा गाळ ओघळतोय! सुग्रीव किंचाळला. तेही किंचाळलं. नारळ एका बाजूला, विळा दुसऱ्या बाजूला. कणगीला धक्का लागला, ज्वारीचा लोंढा अंगावर आला. त्यातून उठून, ज्याला धरायचं होतं त्याच्यावरून उडी मारून, गावातला सगळ्यांत शूर माणूस अंगणात पळाला!

"काय झालं रे?" भिवराबाई केरसुणी घेऊन आत गेली. मग तिचा आवाज आला. "आरं मुडद्या, तुजी बायको हाय! पडलीय हिथं!"

संगीता पिठात आडवी झाली होती. डोळे मिटलेले, मुठीत बैलाचा पाय. सुग्रीवनं तिचा हात हातात घेतला. तो गार होता, आणि आता त्याला भुताची अजिबात आठवण झाली नाही. "संगे! ए संगे!" तो गिरणीच्या आवाजात ओरडत राहिला. ती डोळे उघडीपर्यंत त्यानं गल्ली गोळा केली होती. तिला उचलून तो उपकेंद्राकडं धावत सुटला आणि मागं केरसुणीसकट भिवराबाई.

उपकेंद्रात प्रियदर्शनी सिस्टर होत्या. त्यांनी संगीताच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, बोटाला सुई टोचली आणि मशीनकडं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हिमोग्लोबिन सहा पॉइंट चार. बारा तरी पाहिजे. ताई, चालतं-फिरतं नवल आहात तुम्ही. माती खावीशी वाटते का?"

संगीतानं मान खाली घातली. "लई वाटती. वास आला की जीव ऱ्हात न्हाई. शिंगं मीच खाल्ली. आत्याबाई येतील म्हून दाराकडं बघत मागं मागं जायचे."

"लाजू नका. अंगातलं लोह कमी झालं की असं होतं. कुणी माती खातं, कुणी खडू, कुणी बर्फ. दम लागणं, हातपाय गार पडणं, सगळं त्याचंच. उद्या तालुक्याला नेऊन लोहाचं सलाईन लावू. पाळी जास्त जाते का तेही डॉक्टर बघतील. पुढं गोळ्या." सिस्टर सुग्रीवकडं वळल्या. "दादा, हे वर्षभराचं दुखणं आहे. तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

त्याच्या वतीनं संगीताच बोलली, अगदी हळू. "बैलाचं शिंग गेलं ते त्याच दिवशी दिसलं त्यांना."

सुग्रीव अंगावरचं पीठ झटकायला लागला, तर ते घामानं चिकटून बसलं होतं.

तेवढ्यात भिवराबाईनं केरसुणी भिंतीला टेकवली आणि आपलं बोट पुढं केलं. "बाई, माजंबी बघा."

"माय, तुला काय झालंय?"

"चुलीमागच्या भितीला खळगा हाय ना," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "तुज्या येळंला पोटुशी व्हते. दिसभर ऊस तोडून आले की जीव त्या भितीवर जायचा. तुजी आजी म्हनायची घूस लागलीय. मी हू म्हनायचे. आजूनबी कधीमधी…"

सिस्टरनी सुई टोचली. "आठ पॉइंट एक."

"म्हंजी सुनंपेक्षा जास्तीच हाय की!" भिवराबाई म्हणाली. पण हसणं काही तिला जमलं नाही.

दोन दिवसांनी संगीताला तालुक्याहून घरी आणलं. तिला बाजेवर निजवून सुग्रीव चुलीमागं गेला. वाटीएवढा तो खळगा बापानं दिव्यासाठी केलाय, असं तो समजत होता. लहानपणी त्यानं तिथं गोट्या ठेवल्या होत्या, आता तंबाखूची पुडी. पुडी काढून त्यानं आत हात घातला. मातीत चार चर होते, नखांचे, एकाशेजारी एक. त्याची बोटं त्यात बसेनात. आईची बोटं तेव्हा फारच बारीक असणार. आणि खोटं कशाला सांगा, अंगणात पळाला त्या दिवशीपेक्षा त्याला आत्ता जास्त भीती वाटली.

"काय करतो रे तितं?" बाहेरून भिवराबाई ओरडली. "हिकडं ये, ह्या पाकिटावर काय लिवलंय ते आमाला वाचून दाव!"

सुग्रीव दोघींच्या मधे जाऊन बसला. "जेवणानंतर एक," तो वाचायला लागला. आवाज गिरणीतला लावायला गेला, पण निघाला बारीकच. "चहासंगं घ्यायची न्हाई."

"चहासंगं कावून न्हाई?" दोघी एकदमच म्हणाल्या.