पंपावरची डच चिठ्ठी

माझी चार वर्षांची नात लेकीबरोबर परदेशातून पहिल्यांदाच आमच्याकडे यायची होती आणि तिला फक्त डच येत होतं. फोनवर ती मला एकच शब्द विचारायची, "वारोम?" म्हणजे "का?" मी नुसता हसायचो. (हसण्याला व्याकरण लागत नाही.) पण समोरासमोर पंधरा दिवस हसत बसलो असतो, तर आजोबा बिनकामाचे आहेत हे पोरीला कळलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी डच शिकायचं ठरवलं, सगळं नाही, "का?"ला उत्तर देण्यापुरतं.

पुस्तकात त्यासाठी "ओपदात" हा शब्द सापडला. हेतू सांगायचा असला की तो लावायचा, आणि तो आला की क्रियापद मुकाट्याने उठून शेवटी जाऊन बसतं. मराठीतही क्रियापद शेवटीच बसतं, त्यामुळे मला हे आपल्या घरचंच वळण वाटलं. पण बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कागदावर उतरवल्याशिवाय काही पाठ होत नाही. मी घरभर डच चिठ्ठ्या चिकटवल्या. दारावर डचमध्ये लिहिलं, अर्थ असा: मी दार लावतो, ओपदात मांजर आत येऊ नये.

आता आमच्या घरात चिठ्ठ्या आधीपासूनच होत्या. मी विसरतो म्हणून बायकोने लावलेल्या. पंपाच्या बटणावर होती, "वीस मिनिटांनी बंद करणे." जागा अगदी नजरेसमोरची, म्हणून मी तिच्यावरच माझी डकवली: "मी पंप लावतो, ओपदात आपल्याला पाणी मिळावं."

मिळालं. पाहुण्यांच्या अंघोळीसाठी सकाळी पंप लावला आणि लेक नातीला घेऊन आली तेव्हा गच्चीवरची टाकी भरून पाणी जिन्यावरून एकेक पायरी उतरत होतं. नातीने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वारोम?"

याच क्षणासाठी मी दोन महिने डच घोकलं होतं. "ओपदात..." मी सुरुवात केली आणि थांबलो. हेतूच नव्हता हो! सांगणार काय, कप्पाळ?

तोवर बायकोने माझी चिठ्ठी सोलून काढून माझ्यासमोर धरली होती.

"हे तुम्हाला वाचता येत होतं ना?"

"घडाघडा."

"मग वाचून पंप बंद का नाही केलात?"

याचं उत्तर मला मराठीतही येत नव्हतं. तिने नातीच्या हातात एक फडकं दिलं, एक स्वतः घेतलं आणि दोघी जिना पुसायला बसल्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी डचमध्ये, आणि दोघींचं हसणं थांबत नव्हतं. खरं सांगतो, मला हेवा वाटला. एवढी मेहनत मी केली आणि गट्टी भलत्याचीच जमली.

दुपारी मी खुर्चीत पुस्तक उघडून बसलो होतो. नात फडकं घेऊन थेट माझ्यासमोर आली. लेकीला नाही, आजीला नाही, तिला मलाच काहीतरी सांगायचं होतं. मी पुस्तक मिटून सरसावून बसलो. तिने कमरेवर हात ठेवला आणि स्वच्छ मराठीत, हुबेहूब आजीच्या सुरात ती म्हणाली, "अहो, पाय वर घ्या."

मी घेतले. "वारोम?" विचारायची हिंमत झाली नाही.