विहिरीतलं आर्सेनिक

निडीच्या हैबतरावांचा आपल्या विहिरीवर जेवढा विश्वास होता, तेवढाच माणसांवर अविश्वास होता. त्यामुळे पेणच्या प्रयोगशाळेतून सुरभी पाणी तपासायला आली, तेव्हा ते थेट कठड्याला जाऊन टेकले.

सुरभीने पोहरा ओढला, पाण्यात छोटं मीटर बुडवून आकडा पाहिला आणि दोन बाटल्या भरल्या. एक तशीच, दुसरी एका जाड नळीतून गाळून. मग दोन्हींत ॲसिडचे थेंब टाकले.

"दोन कशाला?" हैबतरावांनी विचारलं.

"काका, आर्सेनिकची रूपं वेगवेगळी असतात. एक जास्त विषारी, एक कमी. ही नळी एकाला अडवते, दुसऱ्याला सोडते. मग वेगवेगळं मोजता येतं."

"आनि ॲसिड?"

"वाटेत एकाचं दुसरं होऊ नये म्हणून. उजेडानंही बदलतं." तिने बाटल्या काळ्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवल्या.

उजेडाला लाजणारं विष हैबतरावांनी कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या हरेशने मात्र नवी बोअर मारली होती. विहीर बाद झाली, की सगळी आळी त्याच्या दारात. बाईला त्यानेच धाडलं असणार, आणि विष त्या थेंबांतच असणार.

सुरभी ओटीवर चहा घेत असताना त्यांनी बाटल्या मागल्या दारी नेल्या, ओतून दिल्या, खळखळून धुतल्या आणि घरच्या माठातलं पाणी भरून पुन्हा पेटीत ठेवल्या.

आठवड्याने सुरभी परत आली.

"काका, पाणी कोणी बदललं? विहिरीवर मीटरने क्षार भरपूर दाखवले होते. बाटल्यांत निम्मेही नाहीत. माझं ॲसिडपण गायब."

"मीच बदललं," हैबतराव छाती काढून म्हणाले. "माठातलं भरलं. विहिरीचंच हाय. तुजं मशीन खोटं."

उंबऱ्याशी त्यांची बायको, शांतीकाकू, तांदूळ निवडत होत्या.

"अवो, माठातलं विहिरीचं नाय."

"मग कुनाचं?"

"हरेशच्या बोअरचं. बोअर मारल्यापासनं तेच आनते. विहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाय."

हैबतराव खाली बसले. आपल्या विहिरीसारखं पाणी रोह्यापर्यंत मिळायचं नाही, असं आल्यागेल्याला सांगत ते इतके दिवस हरेशचं पाणी पीत होते. लगेच दुसरी शंका आली. "म्हंजे विष हाय हे तुला ठाव होतं?"

"विष कुठलं. डाळ शिजत नाय, एवढंच."

बाटल्या पुन्हा भरल्या. या खेपेला हैबतराव पेटी मांडीवर घेऊन पेणपर्यंत गेले. निकाल आला: आर्सेनिक दोन्ही रूपांत नावापुरतं, विहीर निर्धोक.

हैबतरावांनी सगळ्या आळीला, मुद्दाम हरेशलाही बोलावलं आणि कठड्यावर उभं राहून विहिरीच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला तोंड मचूळ आणि दात खरखरीत झाले.

"कसं हाय, काका?" हरेशने विचारलं.

"अमृत," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी उरलेलं नेटाने संपवलं.

घरी येऊन त्यांनी शांतीकाकूंना बजावलं, "तुज्यावर आता माजा इस्वास नाय गो. उद्यापासनं पिन्याचं पानी मीच आननार."

सकाळी आळीला जाग यायच्या आत ते हंडा घेऊन हरेशच्या बोअरवर हजर झाले. पहिली धार तेवढी त्यांनी जमिनीवर सोडली. हरेशवरही काय भरवसा.